येतंय

भाषेचा शोध माणसाने एकमेकांना समजून घेण्यासाठी लावला. मालवणहून कट्टा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या महाविद्यालयात मात्र तिची फारशी गरज उरली नव्हती. तिथे प्राचार्य व्हॉट्सअॅपवर सूचना टाकत आणि उरलेले एकतीस जण त्यांना अंगठा दाखवत.

वनस्पतिशास्त्राचे शंकर धुरी सर या एकतिसांतले एक. 'ज्ञानसागर स्टाफ' हा ग्रुप पहाटे पाच चाळीसला उघडे, गुलाबाच्या चित्राने. त्या गुलाबाला जास्वंदीची पानं असत, आणि हे फक्त सरांनाच कळत असल्यामुळे त्यांचा दिवस सुरुवातीलाच नासे. मग परिपत्रकाची पीडीएफ येई. मग 'आधीची पीडीएफ दुर्लक्षित करावी' असा निरोप. अंगठे दोन्हींना सारखेच पडत.

सरांनी हे सगळं सोसलं असतं, पण गेले तीन रविवार ग्रुपने गिळले होते. कधी वृक्षारोपण, कधी त्याच झाडांचा फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा वृक्षारोपण. घरी नर्मदा, म्हणजे सरांची बायको, दर रविवारी ओहोटीच्या वेळी खाडीच्या वाळूत तिसरे, म्हणजे शिंपले, काढायला जायचं ठरवून टोपली धुऊन ठेवी, आणि ती टोपली तशीच वाळे.

बुधवारी ती म्हणाली, "येत्या रविवारी सुकती सकाळीच आसा. इलास तर इलास. नाय तर मी एकटी जातलंय."

सर गार पडले. त्यांच्या घरात बाहेर पडताना कुणी 'जातंय' म्हणत नसे. बाजारात जायचं असलं तरी 'येतंय' म्हणायचं, कारण जो 'जातो' म्हणतो तो परत येत नाही अशी सगळ्यांची समजूत. सत्तावीस वर्षांच्या संसारात नर्मदेने 'जातलंय' म्हटलं ते हे पहिल्यांदा.

गुरुवारी दुपारी सरांनी ग्रुप सोडायचा निश्चय केला. ग्रुपच नसला तर सूचना कुठे येणार? पण न सांगता उठून जाणं त्यांच्या संस्कारात नव्हतं. त्यांनी आधी चौदा ओळींचा निरोप लिहिला. तो राजीनाम्यासारखा वाटला म्हणून पुसला. 'जातो' लिहिणं शक्य नव्हतं. शेवटी एकच शब्द टाइप केला, 'येतंय', आणि नीट दिसावं म्हणून चष्मा पुसायला काढला.

चष्मा पुसून होईपर्यंत ग्रुपवर प्राचार्यांचा प्रश्न येऊन बसला होता : 'रविवारी सकाळी आठ वाजता कार्यशाळा. विषय : डिजिटल संवादसाधनांचा प्रभावी वापर. समन्वयक म्हणून कोण येणार?'

सरांनी वरचा प्रश्न पाहिलाच नाही. पाठवायचा बाण दाबला, मग चार मिनिटं शोधून 'ग्रुप सोडा' हेही दाबलं. आता मोठी खळबळ माजेल म्हणून ते फोन हातात धरून बसले. कुणाचाही फोन आला नाही. हल्ली ग्रुप सोडला तर फक्त अॅडमिनला कळतं. अॅडमिन प्राचार्य होते, आणि ते ग्रुपवर लिहीत, वाचत नसत. तो एक शब्द मात्र त्यांनी वाचला होता.

शुक्रवारी त्यांनी सरांना व्हरांड्यात गाठलं. "वा, धुरी सर! रविवारी आठला हॉलमध्ये कार्यशाळा, समन्वयक तुम्हीच. बाकी सगळ्यांनी अंगठे दाखवले. शब्द फक्त तुम्ही दिलात."

"सर, आमच्याकडे निघताना 'येतो' म्हणायची पद्धत आहे," सर चाचरत म्हणाले.

"आमच्याकडेही आहे. पण निघालात कुठे?"

"हॉलची चावी आणायला," सर म्हणाले.

रविवारी साडेसहाला ते घरातून निघाले. नर्मदा टोपलीला नवी दोरी बांधत होती. तिने मान वर केली नाही. सर दबक्या आवाजात "येतंय" म्हणाले. फोन त्यांनी आधीच बंद करून ठेवला होता, कार्यशाळेत वाजू नये म्हणून.

साडेनऊपर्यंत ते रिकाम्या हॉलमध्ये तीस खुर्च्यांसमोर बसले. मग पहारेकरी बाळा चहा घेऊन आत डोकावला आणि दचकला.

"सर, तुमी हय कित्याक?"

"कार्यशाळा आहे ना, बाळा."

"ती रद्द झाली मां. तज्ज्ञ ऑनलाइन येवचो होतो, तेका रेंज नाय गावली. काल सांजेक ग्रुपार इला. मी पण अंगठो दिलंय." बाळाने चहा टेबलावर ठेवला. "तुमी वाचूक नाय?"

सर खाडीवर पोचले तेव्हा पाणी चढून वाळू बुडाली होती. नर्मदा आणि शेजारची वेरोनिका भरलेल्या टोपल्या घेऊन काठावर बसल्या होत्या. वेरोनिका त्याच महाविद्यालयात ग्रंथपाल.

"तुला ठाऊक होतं रद्द झाल्याचं?" सरांनी वेरोनिकाला विचारलं.

"कालच! म्हणान तर हय इलंय. माका वाटला तुमी वाचलास."

"मी ग्रुप सोडला. गुरुवारीच."

"खरां?" वेरोनिका मनापासून चकित झाली. "आमका कोणाकच कळूक नाय, सर. तुमचो अंगठो नव्हतो तो, पण अंगठे कोण मोजता?"

"मग एक फोन तरी..."

"केलंय," नर्मदा म्हणाली. "बंद होतो. आणि सुकती काय तुमच्या फोनासाठी थांबतली?" तिने भरलेली टोपली सरांच्या हातात दिली. "धरा. आता येवा घराक."

ती 'येवा' म्हणाली, हे सरांनी मनात नोंदवून ठेवलं. दुपारी तिसऱ्यांचं सुकं होतं. सरांनी दोनदा वाढून घेतलं.

कार्यशाळा वार्षिक अहवालात आधीच छापली गेल्यामुळे ती झाली असं धरण्यात आलं. सहभागाची प्रमाणपत्रं सोमवारी ग्रुपवर आली. प्राचार्यांपासून बाळापर्यंत, ग्रुपवर उरलेल्या सगळ्यांना, एकूण एकतीस.