एकतीस सह्या

पाव भट्टीत सारण्याआधी टेसीने तो कागद निखाऱ्यांवर टाकला. इंग्लंडच्या राजाशी बोलणी करा, लढाई नको, एवढीच त्यात विनवणी होती, आणि खाली पंचक्रोशीतल्या एकतीस जणांच्या सह्या. तिचा नवरा केलेब पेनॉक तो फिलाडेल्फियाला, वसाहतींच्या सभेकडे, पोचवणार होता. तेवढ्यात बॉस्टनकडे राजाच्या शिपायांशी गोळ्या झडल्याची बातमी आली आणि शहाणपणाची भाषा एका आठवड्यात गद्दारी ठरली. परवाच टोप्या विकणाऱ्या म्हाताऱ्याला समेटाचा शब्द काढला म्हणून डांबर फासलं, पिसं चिकटवली आणि गावभर फिरवलं. तो अजून शुद्धीवर नव्हता.

टेसी क्वेकर पंथाची. मरण आलं तरी खोटं बोलायचं नाही आणि लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणायचं, ही त्यांची रीत. कागद घरात असता तर कुणी विचारल्यावर तिला 'नाही' म्हणता आलं नसतं, म्हणून तो जाळला. पण आपण काय जाळतोय ते ठाऊक हवं, म्हणून आधी तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. खरेपणाची खोड, दुसरं काय!

दुपारी लढाईच्या बाजूच्या गावसमितीचा रडिमन आला. मागे दोघे, एकाच्या हातात वाफाळती बादली. डांबराचा वास घरभर पसरला.

"पेनॉकबाई, समेटवाल्यांचा कागद घरात आहे?"

"नाही."

"तुम्ही लोक खोटं बोलत नाही, म्हणून घराची झडती घेत नाही बघा." तो वळला आणि दारातच थांबला. "होता का पण?"

"होता. सकाळी जाळला."

"वाचलात?"

दुसरी कुणी बाई सहज 'नाही' म्हणून मोकळी झाली असती. सातवी सही तिच्या धाकट्या भावाची होती.

"वाचला. पण तुला नावं सांगणार नाही मी."

रडिमनने स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसला.

"नका सांगू. मीच गावातलं एकेक नाव घेतो. ज्याची सही नाही, त्याला 'नाही' म्हणा. जिथे गप्प बसाल, तिथे बादली जाईल. सगळ्याच नावांना गप्प बसलात तर सगळ्यांकडे जाईल, बिचाऱ्या निर्दोषांकडेसुद्धा."

भट्टीत दुसऱ्या खेपेचा पाव करपायला लागला होता. टेसी उठली नाही.

"चला," रडिमन म्हणाला, "तुमच्या भावापासून सुरू करू."