थोरलीची मूठ

"दाब गं!" हारून बाहेरच्या खोलीतून ओरडला.

हुस्नबानोने पलंगावरून बटण दाबलं. स्वयंपाकघरात बेल वाजली, शेजारी सोनाबाईंच्या घरातही वाजली. बोरघाट एकट्यानेच फोडल्यासारखा हारून हसत आत आला.

मोहोपाड्याच्या कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. बायकोला लकवा झाल्यापासून घरीच होता, आणि आता रजा संपत आली होती. लेक उझमा अम्मीला पनवेलला न्यायला टपून बसलेली. हुस्नबानोला मात्र दहिवलीचं आपलं घर सोडायचं नव्हतं. सगळी भिस्त या बेलवर होती.

बेल दगा देऊ नये म्हणून हारूनने ती चालवणाऱ्या एकाच कॉम्प्युटरच्या पोटात दोन आभासी मशीन उभी केली होती, जणू दोन वेगळे कॉम्प्युटरच: एक थोरली, एक धाकटी. थोरली बंद पडली की धाकटीने कारभार बघायचा. पण बटणाची हाक ऐकणारी यूएसबीची काडी एकच, आणि ती एका वेळी एकीच्याच ताब्यात राहायची. हारूनने थोरली बंद केली. काडी धाकटीकडे गेली, बेल वाजली. पुन्हा केली, पुन्हा वाजली.

"तुमी तिला बंद कशी करता?" हुस्नबानोने विचारलं.

"रीतसर. झोप म्हणलं की काडी खाली ठेवते नि झोपते."

"म्हंजे पावन्याला दारापर्यंत सोडल्यासारखं. नि काम करता करता अडकली तर? ती काय निरोप घेऊन जानार हाय?"

हारूनचं हसू मावळलं. त्याने थोरलीला चालू कामातच गोठवलं. हुस्नबानोने बटण दाबलं. घर गप्प. धाकटी तयार होती, पण काडी थोरलीच्याच मुठीत अडकलेली.

तो मटकन खुर्चीत बसला. "उझमाला फोन करतो. तुला अशी टाकून जायला माझं काळीज नाय गं."

"गप बसा. सासूबाय गेल्या तवा कपाटाच्या चाव्या मुठीतच होत्या त्यांच्या. तुमी नुसते रडत उभे. मूठ कोनी सोडवली?"

"तू."

"मग? सोडवा तशीच."

हारून दुपारभर कॉम्प्युटरसमोरून उठला नाही. थोरली उत्तर देईनाशी झाली की तिची वाट बघायची नाही. आधी तिला सक्तीने बंद करायचं, मगच काडी धाकटीला द्यायची, नाहीतर दोघी एकाच काडीला झोंबायच्या. एवढं कॉम्प्युटरला शिकवून त्याने थोरलीला पुन्हा गोठवलं. हुस्नबानो बटण दाबत राहिली. काही वाजेना. आणि मग बेल वाजली.

सोनाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. "काय झालं गं?"

"थोरली गेली," हुस्नबानो म्हणाली. "धाकटीनं घर सांभाळलं."

"अगो बाय! कोनाची थोरली?"

नवराबायको पोट धरून हसली. कित्येक दिवसांनी हसली.

कामावर जायच्या सकाळी हारूनने तिच्या डाव्या हाताची आखडलेली बोटं तेल लावून एकेक उघडली, रोज उघडायचा तशीच. उजव्या हातात बटण दिलं, डबा घेतला आणि घाईघाईने स्कूटर काढली. फाटकाशी पोचतो तोच बेल.

स्कूटर तिथेच टाकून तो चपलांसकट आत धावला. "काय झालं?"

"काय नाय." ती त्याच्याकडे बघत होती. "निरोप नाय घेतला तुमी."

हारून पलंगाच्या काठावर बसला. तिच्या उघड्या डाव्या हातात त्याने आपला हात ठेवला.

"येतो गं," तो म्हणाला.

बाहेर आडवी पडलेली स्कूटर अजून फुरफुरत होती.