आभाळभर हळदकुंकू

भामाबाईंनी त्या वर्षी खंडेनवमीला घरातलं एकही हत्यार पूजेवाचून सोडलं नाही. विळी, सुरी, मिक्सर, शिवणाचं मशीन, भगवंतरावांची स्कूटर, झालंच तर पुतण्या सौरभनं मुद्दाम आणून ठेवलेला कॉम्प्युटरचा कळफलक. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूचं फूल. एवढं झाल्यावर त्यांची नजर योगिनीच्या डब्यावर गेली.

डबा अ‍ॅल्युमिनियमचा होता. आत एक छोटी मोटर आणि तिच्यावर फिरणारी, बशीएवढी काळपट काच. योगिनी हे सगळं दुर्बिणीला लावून तारे बघायची. सुट्टीत मोटर दुरुस्त करायला म्हणून तिनं डबा घरी आणला होता आणि आत्ता ती सुटे भाग आणायला कोठीच्या बाजारात गेली होती. आता तुम्हीच सांगा, ज्या वस्तूवर पोरीचं पोट, तिला बाहेरूनच कुंकू लावायचं? म्हणजे पाहुण्याला जिन्यातच चहा देण्यासारखं झालं. भामाबाईंनी डबा उघडला आणि काचेवर मधोमध, तेलात कालवलेलं ठसठशीत हळदकुंकू लावलं. मग मनात पाल चुकचुकली, म्हणून पूजा आटोपल्यावर पदरानं पुसूनही घेतलं. काच चांगली चकचकीत दिसत होती.

योगिनीचं काम भामाबाईंना भगवंतरावांपेक्षा जास्त कळायचं. एकदा गच्चीवर तिनं आईच्या डोळ्यांना डब्यातल्यासारख्याच काचेचा गॉगल लावून टाकीतलं पाणी दाखवलं होतं. मान तिरकी केली की पाण्यावरची तिरीप गायब! "तरुण ताऱ्याभोवती धुळीची परात असते, आई. त्या धुळीतूनच पुढे ग्रह होतात. ताऱ्याच्या झगमगाटात ती दिसत नाही. पण धुळीवर आपटून आलेला उजेड ह्या तिरिपीसारखा असतो, काच फिरवली की कमीजास्त होतो. ताऱ्याच्या स्वतःच्या उजेडाला काच फिरल्याचं काही वाटत नाही." भामाबाईंना ते फार आवडलं होतं. ताऱ्याचंही बाळंतपण असतं म्हणायचं.

भगवंतरावांना मात्र हे अजिबात मंजूर नव्हतं. सिकंदराबादला रेल्वेच्या हिशेब खात्यात त्यांचा जन्म गेला. "दोन हजार साल येतंय. सगळ्या दुनियेला कॉम्प्युटरवाले पाहिजेत. सौरभ अमीरपेटच्या क्लासात तीन महिने शिकला आणि चालला अमेरिकेला. आणि आमची कन्या? धूळ बघते! अगं, धूळच बघायची तर आपल्या माळ्यावर काय कमी आहे?"

शेवटी बापलेकीत ठरलं. दिवाळीपर्यंत तिच्या डब्यानं धूळ दाखवली तर ती हेच काम करील. नाहीतर पाडव्यानंतर मुकाट्यानं अमीरपेट. सौरभनं तिच्यासाठी तिथं जागाही धरून ठेवली होती. योगिनी हो म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी ती शहराबाहेरच्या वेधशाळेतून सकाळच्या बसनं आली ती उड्या मारतच. "आई, दिसली! तरुण ताऱ्याची धूळ दिसली! केवढा मोठा आकडा आलाय!" भामाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि हिमायतनगरातली त्यांची अख्खी बिल्डिंग पेढे वाटून गोड केली. समोरच्या तेलुगू वहिनींनी विचारलं, पोरीचं लग्न ठरलं का? "त्याहून मोठं आहे," भामाबाई म्हणाल्या. भगवंतरावांनीही पेढा खाल्ला, पण औषध घ्यावं तसा.

दुसऱ्या सकाळी योगिनी डबा घेऊन आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"काय गं, काय झालं?"

"सगळ्यांनाच धूळ आहे."

"म्हणजे चांगलंच की!"

"नाही गं आई. नियम असा की आधी एक म्हातारा, स्वच्छ तारा बघायचा, ज्याच्याभोवती काही नाही. परवा तो ढगात होता, म्हणून मी तरुण ताऱ्यापासूनच सुरुवात केली. काल म्हातारा बघितला. त्यालाही धूळ! मग तरुण तारा पुन्हा, मग दिसेल तो तारा बघितला. सगळ्यांना तीच धूळ, त्याच बाजूला. माझा डबाच खोटा आहे." आणि ती ढसाढसा रडायला लागली.

भगवंतराव उठून फोनपाशी गेले, सौरभला कळवायला.

भामाबाईंना खंडेनवमी आठवली. पुसलं होतं की! नीट पुसलं होतं. पण तेलातली हळद पुसून जाते होय? पदरावरचा डाग तर अजून तसाच होता. क्षणभर वाटलं, गप्प बसावं, कुणाला काय कळतंय. पण पोरीचं रडणं ऐकवेना.

"योगे, डबा खोटा नाही. मी पूजा केली त्याची."

"केली तर केली."

"आतून केली."

योगिनीनं डबा उघडला, काच उजेडात तिरकी धरली. मधोमध पिवळसर, तेलकट चंद्र.

"अय्यो!" भगवंतराव फोन हातात घेऊन तिथूनच ओरडले. "भामे, तू अख्ख्या आभाळाला हळदकुंकू लावून आलीस!"

"लावलं तर लावलं!" भामाबाईंचाही आवाज चढला आणि त्याबरोबर डोळेही भरले. "सौरभच्या कळफलकाला लावलं, मग माझ्या लेकीच्या काचेनं काय घोडं मारलं होतं?"

योगिनीचं रडणं थांबलं होतं. ती काचेकडे बघत होती. "आई, कुंकू सगळ्या ताऱ्यांना सारखंच लागलं ना?"

"म्हणजे काय? मी कुणात डावंउजवं करत नाही."

"मग म्हाताऱ्या ताऱ्याच्या आकड्यात नुसतं तुझं कुंकूच आहे. तरुण ताऱ्याच्या आकड्यातून तेवढं वजा केलं तर..."

"आण इकडे," भगवंतराव म्हणाले. फोन त्यांनी ठेवून दिला. दुसऱ्या कुणी वजाबाकी केलेली त्यांना जन्मात खपली नव्हती. "कॉम्प्युटर नक्को. मी करतो."

ते जेवणाच्या टेबलापाशी बसले, खिशातली लाल पेन्सिल काढली आणि आकडे मांडले. मायलेकी दोन बाजूंनी वाकून उभ्या. वरून खाली केलं, मग नोकरीतल्या सवयीनं खालून वर ताडून पाहिलं. मग पहिल्या दिवसाचं वेगळं केलं, दुसऱ्या दिवसाचं वेगळं. दोघींची नजर पेन्सिलीवरून हलेना. कारण हातचा एक गडप केला तरी कुणाला कळणार नव्हतं, आणि लेक अमीरपेटला गेलेली भगवंतरावांना मनापासून हवी होती.

भगवंतरावांनी चष्मा काढला. "उरतंय."

"किती, बाबा?"

"थोडंच. पण दोन्ही दिवशी तेवढंच. ही चूक नव्हे. चूक इतकी नियमानं वागत नाही." त्यांनी कागद लेकीकडे सरकवला. "काच धुऊन आज परत बघून ये. तुझे ते सर विचारतील तेव्हा पक्कं पाहिजे. आणि सौरभला मी सांगतो, ती जागा दुसऱ्या कुणाला दे म्हणून."

योगिनी बापाच्या गळ्यातच पडली. भामाबाई डोळे पुसत देवघरात गेल्या आणि करंडा घेऊन बाहेर आल्या.

"आई, नको!" योगिनीनं डबा उराशी धरला.

भामाबाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेबलावरची लाल पेन्सिल त्यांनी सरळ केली, तिला हळद लावली, कुंकू लावलं आणि हात जोडले.

भगवंतरावांनी पेन्सिल उचलली आणि न पुसता तशीच खिशात ठेवली.