‘चालू’ रकान्यातलं कार्ड

लेकीने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावरची पिवळी कार्डं सोडवायला घेतली. तीन निघाली. चौथ्याला तिचा हात लागला, तसा तो पटकन पुढे झाला.

“ते राहू दे.”

“बाबा, उद्या दारं रंगवायचीत ना?”

“हे दार सोडून रंगवू.”

दारावर खडूने आखलेले तीन रकाने होते. करायचं, चालू, झालं. ऑफिसात त्याची टीम असाच फळा वापरायची. एका कार्डावर एक छोटं काम, मागच्या बाजूला ते कुणासाठी, आणि रोज सकाळी फळ्यापुढे उभ्यानेच दहा मिनिटं बोलणं. त्याने हे घरी इतक्यांदा सांगितलं, की एक दिवस बायकोनेच दारावर रेघा ओढल्या. “तुमच्या ऑफिसात चालतं, मग माझ्या स्वयंपाकघराने काय घोडं मारलंय?” थट्टा विरली, फळा राहिला.

बायको गेली तेव्हा ‘चालू’मध्ये तिचं हे एकच कार्ड होतं. गॅलरीच्या दाराचा पडदा. अर्धा शिवलेला पडदा सात महिने मशीनच्या सुईखाली तसाच होता.

“ज्याचं कार्ड, त्यानेच हलवायचं,” तो म्हणाला. “नियम आहे.”

लेकीने त्याच्याकडे पाहिलं आणि काढलेली तिन्ही कार्डं होती तिथे परत चिकटवली.

सोमवारी ऑफिसात सगळे फळ्यापुढे उभे राहिले. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. सात महिने त्याचं तिसरं उत्तर ठरलेलं होतं, “कुठे नाही.” आज पाळी आली आणि तो हातातल्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिला.

“एक काम अडलंय. इथलं नाही, घरचं.”

चार वाक्यांत त्याने सांगितलं. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. टेस्टिंगच्या ताई, ज्यांच्या नजरेतून कुणाचीच चूक सुटत नसे, चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या, “मी बाळंतपणाच्या रजेवर होते, तेव्हा माझी कार्डं कुणी हलवली?”

“मीच. तुमच्या नावाखाली माझं नाव लिहून.”

“मग?”

“ते वेगळं होतं.”

“शिवता येतं का तुम्हाला?”

“सुईत दोरा ओवता येत नाही.”

“मग जोडीने बसू, इथे अवघड कामाला बसतो तसं. हात तुमचे, डोळे माझे. रविवारी येते. चहा मात्र ऑफिसातल्यासारखा नको.”

रविवारी दोरा दोनदा तुटला. एकदा शिवण काठ सोडून भलतीकडेच गेली आणि ताईंनी ती उसवायला लावली.

“वहिनींची शिवण बघा, मुंग्यांच्या रांगेसारखी. तुमची आपली बाजारात हिंडायला निघालीय.”

लेक खुदकन हसली. त्यालाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

दुपारी पडदा दाराला लागला. तिची शिवण कुठे संपते आणि त्याची कुठून सुरू होते, ते लांबूनही कळत होतं. ताई चहा पिऊन गेल्या. लेकीने कार्ड आणून दिलं आणि त्याने बायकोच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.

“आता ‘झालं’मध्ये लावू?”

“नाही. ज्याच्यासाठी केलं, त्याने वापरून बघायचं आणि हो म्हणायचं. तोवर झालं नाही. आता ‘हो’ कोण म्हणणार?”

“मागे कुणाचं नाव आहे?”

तिचं कार्ड त्याने कधी उलटून पाहिलंच नव्हतं. घरातला पडदा, तिचाच असणार, असं तो धरून चालला होता. आता त्याने ते उलटलं. बारीक, घाईचं अक्षर होतं.

‘गिऱ्हाईक आमचे हे. बोलणार नाहीत, पण दुपारी पेपर वाचताना डोळ्यांवर ऊन येतं.’

त्याने कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. गॅलरीच्या दाराजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसला आणि पेपर उघडला. ऊन पडद्यापाशी थांबलं होतं.

बराच वेळ पान उलटलं नाही. लेक दाराशी उभी होती.

“बाबा, काय करताय?”

“वापरून बघतोय,” तो म्हणाला. “घाई करू नकोस.”