थर निवेपर्यंत

चंद्रप्रकाशनी शेवटच्या खोक्याची बांधलेली दोरी सोडली आणि आतला एक गॉगल उचलला.

"बाबा, पॅकिंग झालंय ना!" रुचिरा म्हणाली. "बाकीची खोकी टेम्पोत चढली. ट्रॅफिकची वाट लागायच्या आत निघू दे जयवंतला."

"निघेल गो. पहिला माल कधी मी बघितल्याशिवाय गेलाय?"

नव्हता गेला. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या या गाळ्यात त्यांनी वेल्डिंगच्या काचा बनवायला घेतल्या, तेव्हापासूनचा हा रिवाज होता. नव्या मालातला एक नग आधी घरच्या माणसाने डोळ्यांवर चढवायचा, मगच माल दाराबाहेर. रुचिराला तो बाबांचा निव्वळ हट्ट वाटायचा.

काचांचं ठीक होतं, हा माल वेगळा होता. रंगद्रव्य मिसळलेले प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे एकावर एक रचायचे आणि गरम प्रेसखाली एकजीव करायचे. साध्या उजेडात त्यातून सगळं स्वच्छ दिसतं. लेझरचा झगझगीत झोत आला की थर आपोआप काळवंडतात आणि त्याला अडवतात. कॉलेजात शिकलेलं सगळं तिने यात ओतलं होतं. पवईच्या एका कंपनीने आपल्या लेझर कटिंगच्या कामगारांसाठी हे गॉगल मागवले होते. आज माल पोचला नाही तर ऑर्डर दुसऱ्याला, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि ऑर्डर गेली की गाळा विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

थर प्रेसखालीच पुरते निवू द्यावे लागतात. घाई केली तर आत कुठेतरी केसाएवढी फट राहते, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण झोत तिथून आत शिरतो. काल शेवटची खेप तिने कोमट असतानाच काढली आणि बाकीच्या मालात मिसळून टाकली. नमुन्याचा तुकडा उजेड मोजायच्या मीटरवर पास झाला होता. पास म्हणजे पास, असं ती रात्रभर स्वतःला बजावत राहिली.

गाळ्यात मालाच्या चाचणीसाठी एक लेझर बसवला होता, बटण दाबलं की त्याचा ठिपका भिंतीवरच्या पत्र्यावर पडायचा. चंद्रप्रकाश गॉगल लावून त्या पत्र्यासमोर उभे राहिले, लग्नाच्या फोटोला उभं राहावं तसे ताठ.

"झकास दिसतंय सगळं. दाब बटण."

रुचिराचा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

"काय गो? लाइट गेली?"

"बाबा, तुम्ही नको."

"का? मीटरने पास केलाय ना?"

"केलाय."

"मग?"

खालून जयवंतने हॉर्न वाजवला.

"नको ना, बाबा. तुमचे डोळे…"

चंद्रप्रकाशनी गॉगल काढला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि तिच्यापुढे धरला.

"मग कोणाचे चालतील?"

रुचिराने गॉगल हातात घेतला नाही. ती खिडकीशी जाऊन खाली वाकली.

"जयवंत," ती म्हणाली, "गाडी बंद कर रे. खोकी परत वर आण."