काळी आतून, पांढरी बाहेरून

मित्रांनो, बागेतली घसरगुंडी तुम्हाला माहीत आहे. मीही तशीच एक जुनी, वळणावळणाची घसरगुंडी आहे. फक्त माझ्यावरून मुलांऐवजी वाळू घसरत आली. केरळात कोल्लमजवळ समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी आहे, तिथल्या कंपनीच्या शेडमध्ये माझी सगळी नोकरी झाली.

काम सोपे होते. वरून वाळू आणि पाणी ओतायचे. काळी वाळू जड, ती आतल्या कडेने जपून उतरते. पांढरी हलकी, ती बाहेरच्या कडेने उधळत जाते. या काळ्या वाळूपासून भिंतींचा आणि टूथपेस्टचा पांढरा रंग बनतो. ज्या नारळाच्या वाडीतून तपासणीला आणलेल्या पोत्यात काळी भरपूर निघे, ती वाडी कंपनी घरासकट भाड्याने घेऊन खणत असे. "ही कधी खोटं बोलत नाही," असे साहेब पाहुण्यांना माझ्याविषयी सांगत. मला फार बरे वाटे.

पंकजाक्षीअम्मांच्या वाडीचे पोते आणायला आमच्या शेडमधला बैजू गेला, तेव्हा त्यांच्या मुलीचे लग्न नुकतेच उरकले होते. तिकडे लग्नाला अंगणभर पांढरीशुभ्र वाळू पसरतात. अम्मांनी ती होडीने लांबून आणवली होती. बैजूला पायसम, म्हणजे लग्नातली खीर, मिळाले. ते संपवून त्याने बसल्या जागेशेजारचीच वाळू पोत्यात भरली. मी ती प्रामाणिकपणे धुतली. सगळी बाहेरच्या कडेने निघून गेली.

"इथे काही नाही," साहेब म्हणाले आणि अम्मांचे घर वाचले.

शेजारच्या वाड्या मात्र एकेक करून गेल्या. मग कुठल्याशा थंड देशात लोकांनी घरे रंगवायला काढली आणि काळ्या वाळूचा भाव चढला. थोडीच काळी असलेल्या ज्या वाळूला काल आम्ही कचरा म्हणत होतो, ती आज माल झाली. वाळू तीच होती. सोडलेल्या वाड्या पुन्हा तपासायला निघाल्या. अम्मांकडे काय झाले, ते बैजूने नंतर शेडमध्ये नकलांसकट सांगितले. तो अम्मांना चेची, म्हणजे ताई, म्हणे.

"चेची, मागच्या वेळी चुकलंच माझं. वरवरचं भरलं."

"चुकलं कसलं? तीन वाट्या खाल्ल्यास तू. खणायला वाकता तरी आलं असतं का?"

"या वेळी खोल जायला सांगितलंय."

"जा की. दक्षिणेचा कोपरा तेवढा सोड. तिथे तुझे चेट्टन आहेत."

चेट्टन म्हणजे दादा; अम्मांच्या नवऱ्याची, सुगुणनची, राख तिथे होती आणि तिकडच्या रीतीप्रमाणे तिच्यावर नारळ लावला होता.

ते पोते आतल्या कडेने उतरले, जवळजवळ सगळे. खोटे बोलावे असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले. पण माझा उतार ठरलेला आहे. साहेब दरांचा तक्ता घेऊन स्वतः अम्मांकडे गेले.

"झाडागणिक भरपाई मिळेल, अम्मा. खणून झालं की जागाही भरून देऊ. हा कोपऱ्यातला फळता नारळ, एक."

"फळता आहे खरा. खाली माणूस असला की दर तोच, की वेगळा?"

तक्त्यात तसा दर नव्हता. अम्मांनी सही केली नाही.

कंपनी कुंपणापाशी थांबली. पण मित्रांनो, किनारा धरून ठेवते ती जड वाळूच. शेजारची ती निघून गेली होती आणि भरून दिलेली हलकी वाळू लाटांबरोबर चालू लागली. आता पावसाळ्यात अम्मांच्या कुंपणाला समुद्र दोन बाजूंनी लागतो. हा खर्च माझ्यावर कधी कुणी धुऊन पाहिला नाही.

मी झिजले, म्हणून मला शेडमागे टाकले आहे. माझ्या जागी नवी आली आहे, गुळगुळीत आणि काटेकोर. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी तिच्याजवळ उभे राहिलात, तर पोते रिकामे करण्याआधी ते कुणाच्या अंगणातले आहे, तेवढे मोठ्याने म्हणा. तिला काही फरक पडणार नाही. म्हणणाऱ्याला पडेल.