कागदाबाहेरचा वारा

नाशिकच्या कचेरीच्या गच्चीवर लंकाबाई थेट साहेबांच्याच खुर्चीवर चढली. सूप डोक्यावर धरून तिने थोडा कोंडा खाली सोडला आणि तो कुठे पडतो ते निरखलं.

"अठरा," ती म्हणाली.

गायधनी साहेबांनी वाऱ्याच्या यंत्रावरची फाईल जराशी उचलून चोरून पाहिलं. काटा अठरावर होता.

मनोजने श्वास सोडला. यंत्रं उभारणं हे त्याचं काम, पण ती वेळ यंत्राने निभण्यासारखी नव्हती. दर पावसाळ्यात लंकाबाईची टोळी पेठच्या डोंगरातून समुद्राकाठी उतरे आणि उडती वाळू थोपवायला सुरूची रोपं लावी. त्याआधी तिथला वारा असा, की काठावरच्या कोंबडीने घातलेलं अंडं मागच्या गावात सापडे आणि त्यावरून दोन्ही गावांत भांडणं होत. अकरा वर्षांत तिथे बन उभं राहिलं. आता एका हॉटेलवाल्याला ते बन तोडून हवं होतं. झाडं काही कामाची आहेत का, एवढंच साहेबांना ठरवायचं होतं.

म्हणून मनोजने एक यंत्र उंच खांबावर, झाडांच्या शेंड्यांच्या वर बसवलं आणि दुसरं बनामागे. अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये वादळ आलं. बनामागे वारा ताशी चौदा किलोमीटर. वरच्या यंत्राची लेखणी मात्र नव्वदवर गेली आणि दोन तास सरळ रेघ ओढत राहिली. वारा काही पट्टी धरून वाहत नाही, यंत्र अडकलं असणार, असं म्हणत साहेबांनी तो कागदच बाद ठरवला. कागद बाद, म्हणजे बनही बाद.

त्या वादळात खांबावर चढून यंत्र तपासणारी लंकाबाईच होती. खाली दोर धरून नवरा सावळीराम उभा होता. त्याची उजवीकडची मिशी तेव्हा डाव्या गालावर गेली ती अजून परतलेली नाही, असं तो शपथेवर सांगे. यंत्र अडकलेलं नव्हतं, असं लंकाबाईचं म्हणणं; पण माणसाला वारा मोजता येत नाही, असं साहेबांचं ठाम मत. म्हणूनच आज तिने सूप मागितलं होतं.

तिने पुन्हा कोंडा सोडला.

"तीस."

काटा बावीसवर होता. साहेब गालात हसले.

"चुकलात, बाई."

"दम धरा की. कोंडा हलका, तुमचा काटा जड."

तिचं बोलणं संपायच्या आत काटा तिसावर चढला आणि साहेबांची फाईल कठडा ओलांडून सिन्नरच्या दिशेने गेली. साहेबांनी खिशातून वादळाचा कागद काढला.

"म्हणजे हा नव्वद खरा म्हणायचा?"

लंकाबाईने कागद डोळ्यांजवळ नेला.

"खोटा हाय."

मनोजने कठडा धरला.

"लय कमी हाय," ती म्हणाली. "तुमचा कागद संपला, सायेब. वारा नव्हता संपला."

साहेबांनी रेघेवर बोट फिरवलं. रेघ कागदाच्या वरच्या काठाला चिकटून गेली होती. त्यापुढे लेखणीला जायला जागाच नव्हती. त्यांनी शिपायाला डिंक आणायला सांगितला, एक कोरी पट्टी त्या काठावर चिकटवली, तळहाताने नीट दाबली आणि कोऱ्या जागेतच सही केली.

लंकाबाई खुर्चीवरून उतरली. पदराने तिने खुर्ची पुसली.

"मग औंदा रोपं किती लावायची?"